‘पुसू नका’ची चौकट

मित्रांनो, वर्गात गडबड केली म्हणून तुम्हाला कधी भिंतीकडे तोंड करून उभं केलंय का? किती वेळ? एक तास? मग तुमची चैन होती. मी इथे कधीपासून असाच उभा आहे, आणि गडबड तर मी जन्मात कधी केली नाही. नाकासमोर भिंत आहे, दाराच्या फटीतून येईल तेवढ्या उजेडात दिसणारी. तिचा रंग उडालाय, आणि एका ठिकाणी ओल येऊन पोपडा सुटलाय. तो पोपडा आज पडेल, उद्या पडेल, एवढंच बघत बसायचं. दुसरा उद्योग नाही.

मी एक जुना पांढरा फळा आहे. व्हाइटबोर्ड म्हणा हवं तर. हाक कुठल्याही नावाने मारा, मारणारं कोणी असलं म्हणजे झालं. सध्या मुक्काम एका विद्यापीठाच्या तळघरात, अडगळीच्या खोलीत. शेजारी तीन पायांची एक खुर्ची आहे आणि एक बंद पडलेला प्रिंटर. खुर्ची बोलत नाही. प्रिंटर तर चालू होता तेव्हाही कुणाचं ऐकत नव्हता.

मला असं भिंतीकडे तोंड करून कुणी ठेवलं आणि आता त्याचा राग का येत नाही, ते शेवटी सांगेन. आधी पहिल्यापासून ऐका. किती दिवसांनी ऐकणारं कोणी भेटलंय, त्यामुळे मी काही आटोपतं घेणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या भल्यामोठ्या गुंडाळीतून माझं अंग कापलं गेलं. त्यावर पांढरा लेप दिला, भट्टीत भाजला, आणि चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. शेवटी तपासणीच्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांनी निळ्या मार्करने माझ्यावर एक रेघ ओढली आणि बोटाने पुसली. मागे काहीसुद्धा राहिलं नाही. बाई म्हणाल्या, “छान!” बघा मित्रांनो, आम्हा फळ्यांना शाबासकी मिळते ती अंगावर काही न राहिल्याबद्दल. नवा होतो तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

मग मी विद्यापीठात आलो. मोठं सभागृह, समोर उतरत्या बाकांच्या रांगा, आणि मधोमध मी. तिथे एक वेगळंच शास्त्र शिकवायचे. सॉफ्टवेअर बनवायच्या आधी, ते ज्यांच्यासाठी बनवायचं त्या माणसांना नेमकं काय हवंय ते विचारायचं, खोदून खोदून काढायचं, आणि स्वच्छ वाक्यांत लिहायचं. त्या वाक्यांना ‘आवश्यकता’ म्हणतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! विचारायचं आणि लिहायचं. मलाही तसंच वाटायचं. पण आपल्याला काय हवंय हे माणसांना धड सांगता येत असतं, तर जगातली निम्मी भांडणं झालीच नसती.

त्या वाक्यांचे नियम फार कडक. वाक्य ‘पाहिजे’वर संपायला हवं. एका वाक्यात एकच गोष्ट हवी. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ती गोष्ट तपासता यायला हवी. ‘प्रणालीने दार उघडले पाहिजे,’ हे चालतं. उघडलं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. ‘प्रणाली छान असली पाहिजे,’ असं कुणी लिहिलं की त्यावर लाल फुली बसायची. छान कसं तपासणार? बोला!

इतकी वर्षं तेच ऐकून मलाही ती खोड जडली. वर्ग सुटायचा, पोरं हुर्र्र करत पळायची, आणि रिकाम्या सभागृहात पंखा आपला एकटाच गरगरत राहायचा. मी मनात म्हणायचो, ‘शेवटच्या माणसाने पंखा बंद केला पाहिजे.’ एक गोष्ट, तपासता येणारी. ऐकतो कोण!

पण ते दिवस माझ्या मानाचे होते, खोटं कशाला बोलू. “काय बोर्ड आहे! आरशासारखा,” असं पाहुणे म्हणायचे. फोटो काढायचा झाला की सगळे माझ्यापुढेच उभे राहायचे. मी आपला मागे, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, ताठ.

मग एक दिवस एक मोठे विद्वान भाषणाला आले. या शास्त्रात ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचं त्याला ‘वापरकर्ता’ म्हणतात, आणि त्याचं चित्र अगदी काडीचं काढतात. गोल डोकं, एक उभी रेघ, एक आडवी रेघ म्हणजे हात, आणि खाली दोन तिरक्या रेघा. विद्वानांनी बोलता बोलता स्वतःच्या खिशातलं पेन काढलं आणि माझ्या डाव्या कोपऱ्यात तो काडीचा माणूस काढला. ते पेन खोक्यांवर पत्ते लिहायचं होतं, कधीही न पुसलं जाणारं. कुणीतरी धावत येऊन त्यांच्या हातात दुसरं दिलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

भाषण संपल्यावर सगळं पुसलं गेलं आणि तो माणूस तसाच राहिला. स्पिरिट लावलं, साबण लावला, शेवटी भांडी घासायचा काथ्यासुद्धा आणला. माझी तिथली चकाकी गेली, तो काही गेला नाही. पुढच्या सत्रात सभागृहात काचेचा नवा फळा आला. “याला टाका त्या शेवटच्या खोलीत,” असं म्हणून माझी रवानगी झाली.

शेवटची खोली म्हणजे लांबलचक बोळाच्या टोकाची एक अरुंद जागा. एक टेबल, एक खुर्ची, आणि एक खिडकी. खिडकीतून काय दिसायचं? पलीकडच्या इमारतीची भिंत. माझ्या नशिबात भिंती फार. कितीतरी दिवस तिथे कोणी फिरकलंच नाही. सभागृहातल्या टाळ्या बोळातून अगदी पुसट ऐकू यायच्या, आणि त्या काचेच्या फळ्याला असायच्या. मला मनापासून हेवा वाटायचा.

आणि मग काकू आली.

ती कुणाची काकू नव्हती. बरीच वर्षं कंपनीत नोकरी करून ती पीएचडीला आली होती, आणि बाकीच्या विद्यार्थ्यांपेक्षा वयाने मोठी म्हणून पोरांनी ते नाव ठेवलं. तिने ते हसून घेतलं. पण डबा मात्र ती माझ्याखालच्या टेबलावर एकटीच खायची. पहिल्याच दिवशी तिने डस्टर घेऊन त्या काडीच्या माणसावर जोर लावला. तो हलेना. तिने जवळ येऊन बघितलं आणि ती मोठ्याने हसली.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आमच्या धंद्यात सगळ्यात आधी पुसला जातो तो हाच. निदान एका बोर्डावर तरी टिकलाय.”

तिने त्याच्याभोवती ऐसपैस चौकट आखली आणि वर लिहिलं, ‘पुसू नका’. ज्या खोलीत फळा असतो तिथे अशी एखादी चौकट हमखास सापडते. सफाईला येणाऱ्या मावशींनीही ती मानली. माझं बाकीचं अंग पुसताना त्या चौकटीच्या कडेने इतक्या हळुवार फडकं फिरवायच्या, की आत कुणी झोपलंय असं वाटावं.

काकूचं काम कशावर होतं ते सांगतो. एकटी राहणारी म्हातारी माणसं गळ्यात एक बटण घालतात. पडलं-झडलं, दुखलं-खुपलं, तर बटण दाबायचं. एका केंद्रात घंटा वाजते आणि तिथली बाई बोलते, “आजी, काय झालं?” गरज पडली तर रुग्णवाहिका पाठवतात. पण केंद्राची तक्रार होती की बरेच लोक काही झालेलं नसतानाच बटण दाबतात. अशा हाका सॉफ्टवेअरने ओळखाव्यात आणि बाजूला काढाव्यात, असं त्यांना हवं होतं. काकूने माझ्या मधोमध निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘प्रणालीने विनाकारण आलेली हाक ओळखून वेगळी काढली पाहिजे.’ ती लिहीत असलेल्या शोधलेखाचा हाच गाभा होता.

ती रोज केंद्राने दिलेली संभाषणं कानाला लावून ऐकायची आणि माझ्यावर रकान्यांत मांडायची. पडले. छातीत दुखतंय. दार आतून अडकलं. आणि शेवटचा रकाना, विनाकारण. तोच सगळ्यात लांब होता. लिहिता लिहिता जागा संपून तो पार माझ्या खालच्या पट्टीला टेकायचा.

त्या पट्टीवर मार्कर ठेवतात, आणि मार्करच्या शेजारी काकू फोन ठेवायची. फोन वाजायचा नाही, नुसता थरथरायचा, आणि त्याच्याबरोबर मी अख्खा थरथरायचो. त्यामुळे कुणाचा फोन किती वेळ वाजून बंद पडला हे मला माझ्या अंगावरून कळायचं. बहुतेक वेळा तो तिच्या बाबांचा असायचा. ते शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाले, आई गेली, आणि आता ते शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहत होते. त्यांच्याही गळ्यात काकूने हट्टाने एक बटण घातलं होतं.

“काही नाही गं, सहज केला. जेवलीस का?”

“हो बाबा. कामात आहे, नंतर करते हं,” असं म्हणून ती ठेवून द्यायची. तिच्या त्या ‘नंतर’ची वाट फक्त दोघं बघायचे, एक बाबा आणि एक मी. पण तिला तरी कसा बोल लावू? दर वर्षी या शास्त्राची एक मोठी परिषद भरते. तिथे लेख स्वीकारला गेला तरच तिची शिष्यवृत्ती पुढे चालणार होती, नाहीतर शिक्षण अर्धवट सोडून नोकरी बघायची. तिचा सगळा जीव त्या लेखात टांगलेला होता.

एकदा बाबा स्वतःच खोलीवर आले. ती विसरलेला डबा द्यायचं निमित्त. आल्या आल्या त्यांची नजर माझ्या कोपऱ्यावर गेली.

“हा कोण गं?”

“वापरकर्ता, बाबा.”

“असा? अगं, याला मान नाही, पायांत काही नाही. माणूस आहे की कपडे वाळत घालायची काठी?”

त्यांनी हिरवा मार्कर उचलला. मित्रांनो, काय हात होता तो! माझ्यावर इतकी वर्षं लोकांनी नुसते चौकोन आणि बाण काढले होते. बाबांनी त्याला मान दिली, चष्मा दिला, खिशाचा सदरा दिला, लेस बांधलेले बूट दिले. गळ्यात दोरी आणि दोरीला बटण. मग त्याच्या मागे एक खुर्ची काढली, आणि समोर आणखी एक, रिकामी.

“ती कुणाला?” काकूने विचारलं.

“येईल कोणी.” त्यांनी मार्करला टोपण लावलं. “चल, तुझी मीटिंग असेल. निघतो मी.” आणि दारातून मागे वळून म्हणाले, “बोर्ड चांगला आहे हं तुझा. जुना आहे, पण शाई छान धरतो.”

ते माझं शेवटचं कौतुक. अजून पुरवून पुरवून वापरतो.

लेख पाठवायचा दिवस उजाडला. म्हणजे खरं तर मुदतीचा दिवस आमच्याकडे मावळून गेला होता. पण या परिषदांची एक गंमत आहे. पृथ्वीवर कुठेही तो दिवस शिल्लक असेपर्यंत लेख घेतात. त्यामुळे भर दुपारी काकूचे मार्गदर्शक सर दारात उभे राहून धीर देत होते, “घाबरू नकोस. जगाच्या त्या टोकाला अजून काल चालूच आहे.” सर माणूस भला, पण नेहमी घाईत. खोलीत येऊन बसलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ते गेले, आणि काकू एक शेवटचं संभाषण पडताळायला बसली. घाईत कानातली तार सापडेना म्हणून तिने ते मोठ्यानेच लावलं.

केंद्रातली बाई विचारत होती, “आजी, काय झालं? पडलात का?”

“काही नाही गं, सहज दाबलं. तू जेवलीस का?”

काकू उठली आणि शेवटच्या रकान्यात लिहायला लागली. इतक्यात माझी पट्टी थरथरली. तिचे हात शाईने बरबटलेले, म्हणून तिने एका बोटाने फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

“काही नाही गं, सहज केला. जेवलीस का?”

तिचा मार्कर माझ्यावर होता तिथेच टेकून राहिला. त्याखाली शाईचा ठिपका मोठा मोठा होत गेला. मला तो अंगावर पसरलेला कळत होता.

“हॅलो? आहेस ना गं? कामात असशील, मी नंतर करतो.”

“नाही, नाही! बोला ना बाबा,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून खाली बसली. “तुम्ही काय जेवलात?”

पलीकडून बाबा घाबरून म्हणाले, “तुझं बरं आहे ना?”

मग ते बोलत राहिले. नळ ठिबकतोय. शेजारणीची मांजर त्यांच्याच खिडकीत येऊन बसते आणि मालकिणीला विचारत नाही. जुन्या चित्रांची गुंडाळी सापडली, त्यात काकूने लहानपणी काढलेला सहा पायांचा हत्ती निघाला. काकू पोट धरून हसली. शेवटी बाबाच म्हणाले, “बरं, ठेवतो आता. मांजर आलीय.” आवाज कसा मोकळा झाला होता!

काकूने फोन ठेवला, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. ‘विनाकारण’ हा शब्द तिने डस्टरने नाही, तळहाताने पुसला. मग मधलं निळं वाक्यही पुसलं आणि तिथे लिहिलं, ‘सहज आलेली हाक प्रणालीने माणसापर्यंत पोचवली पाहिजे.’

सर परत आले तेव्हा ती सगळा लेख उलटापालटा करत होती. त्यांनी माझ्यावरचं वाक्य वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“हे आत्ता? अगं, केंद्राला याच्या बरोबर उलटं हवंय!”

“सर, त्या आजींनी काय हवंय ते सांगितलं होतं. आपणच ते ‘काही नाही’ म्हणून लिहून घेतलं. माणसांचं ऐकायचं शास्त्र म्हणतो आपण याला!”

“मान्य आहे. पण हे तपासणार कसं? परीक्षक पहिल्या फटक्यात उडवतील. वर्ष जाईल तुझं.”

काकू म्हणाली, “जायला नकोय, सर. मला इथेच राहायचंय. पण जे मला आता खोटं वाटतंय ते नाही पाठवणार मी.”

सरांनी खिडकीच्या कट्ट्यावरची पुस्तकं बाजूला सारून तिथे बूड टेकलं आणि ते म्हणाले, “आण इकडे, अर्धा मी वाचतो.” पहिल्यांदाच ते त्या खोलीत बसले.

शेवटच्या पानावर त्यांना एक ओळ सापडली. ‘माझ्या बाबांचे आभार. ते सहज फोन करतात.’ सरांनी मान हलवली. “हे काढ.” लेख कुणाचा आहे हे परीक्षकांना कळता कामा नये, असा परिषदेचा नियम. म्हणून लेखकाचं नाव, विद्यापीठाचं नाव, आभार, सगळं काढून पाठवायचं. चुकून राहिलं तर लेख न वाचताच परत येतो. स्वीकारला गेला, की मग नावं आणि आभार परत घालायचे.

काकूने ती ओळ लेखातून काढली. आणि परत घालायची राहून जाऊ नये म्हणून माझ्या चौकटीत लिहून ठेवली, त्या दोन खुर्च्यांच्या अगदी खाली, आणि पुढे कंसात ‘लेख घेतला की परत घालणे’. मग तिने लेख पाठवून दिला. “झालं!” सर म्हणाले. “चल, चहा पिऊ.” दोघं गेले, आणि दिवा चालूच राहिला. त्या दिवशी मी मनातसुद्धा तक्रार केली नाही. माझ्या अंगावर काहीतरी राहिलं होतं, आणि ते राहावं असं कुणाला तरी वाटत होतं.

नंतरचे दिवस वाट बघण्याचे. पट्टी थरथरली की काकू आता लगेच फोन घ्यायची.

निकाल आला तेव्हा तिने तो मोठ्याने वाचला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे माझ्यासाठीच वाचला असं मी धरून चालतो. पहिल्या परीक्षकाला लेख आवडला होता. दुसऱ्याने लिहिलं होतं, “‘सहज’ म्हणजे काय? हे तपासता येत नाही.” तिसऱ्याला आकृतीतली अक्षरं बारीक वाटली होती. लेख नाकारला होता.

“बघ रे,” ती त्या चष्मेवाल्या माणसाला म्हणाली, “तुला काय हवंय ते तपासता येत नाही म्हणतात.” ती हसली, आणि हसता हसताच टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. मित्रांनो, मला हात नाहीत. असते तर तिच्या डोक्यावरून फिरवले असते. इतकं वाईट मला सभागृहातून काढलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

शिष्यवृत्ती थांबली. काकूला दूरच्या एका शहरात नोकरी मिळाली. जायच्या दिवशी पुस्तकांचं एक खोकं बरोबर नेता येईना, ते तिने मागे ठेवलं. डस्टर घेऊन माझं अंग स्वच्छ पुसलं, फक्त चौकट सोडून. “येते रे,” म्हणाली आणि गेली. पुढे त्या खोलीत कसलीशी घरघरणारी यंत्रं बसवायची ठरली आणि माझी वरात तळघरात निघाली. हमालांनी मला भिंतीशी तिरकं टेकवलं, तोंड आत. मधल्या सांदीत तिचं खोकं सरकवलं. दिवा गेला.

अंधाराचं काय सांगू? मी इतक्या माणसांचे शब्द अंगावर घेतले, आणि त्यांतल्या एकालाही मी आठवत असेन का, असं सारखं मनात यायचं. वर कुठेतरी पावलं वाजायची. मी कान टवकारायचो. पावलं निघून जायची.

मग एकदा दार उघडलं. “काका, डोकं सांभाळा,” हा मावशींचा आवाज. आणि मागून बाबांचा. ते लेकीचं खोकं न्यायला आले होते. खोकं काढायचं तर मला हलवायलाच हवं. मावशींनी मला उचलून फिरवलं आणि माझ्या तोंडावर उजेड पडला.

बाबांनी आधी आपलं चित्र ओळखलं. “अरे वा! हा अजून आहे?” मग त्यांची नजर खाली गेली. ती ओळ त्यांनी कधी बघितली नव्हती. ते वाचत राहिले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

“वेडी आहे,” ते म्हणाले.

मावशी म्हणाल्या, “काका, पुसून देऊ का? वरच्या मजल्यावरच्या नव्या वर्गाला फळा हवाय म्हणत होते. कोपऱ्यातला तो काडीचा माणूस राहिला तरी चालेल, बाकी कोरा केला तर नेतील. एवढं रंगवलेलं कोण नेणार?”

वरचा मजला! उजेड, पोरं, गोंगाट! एका फडक्याचं काम. मी खरंच सांगतो, मला जायचं होतं. आणि मला ती ओळ जायला नको होती. दोन्ही एकदम. फळ्याने काय हवंय ते एका वाक्यात सांगितलं पाहिजे, आणि मला सांगता येईना.

“थांबा जरा,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. पहिल्याच घंटेला तो उचलला गेला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन मोठ्यावर असायचा.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही गं, सहज केला. तुझं खोकं मिळालं.”

“जेवलात का?” आता हे ती विचारत होती.

“जेवलो. तुझं काय चाललंय?”

“बाबा, मी तो लेख यंदा पुन्हा पाठवतेय. सुट्टीच्या दिवशी बसून लिहिते. तपासता येत नाही म्हणाले होते ना? मला सापडलंय कसं तपासायचं.”

“कसं गं?”

“सोपं आहे. फोन आधी कोण ठेवतं ते बघायचं. ज्याचं बोलून झालं तो स्वतःच म्हणतो, बरं, ठेवतो आता. ज्याचं राहिलं त्याला दुसऱ्याने ठेवून दिलेलं असतं. केंद्रातल्या सगळ्या संभाषणांत दिसतंय ते. तुमच्यावरूनच सुचलं.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या दोन खुर्च्यांकडे, खालच्या ओळीकडे. मला वाटलं, आता ते तिला सांगतील. त्यांनी नाही सांगितलं. सकाळी काय काय केलं, मांजरीला पिल्लं झाली, त्यांतलं एक अगदी चष्मा घातल्यासारखं दिसतं, असलंच सगळं बोलत बसले. मावशी प्रिंटरवर टेकून ऐकत होत्या आणि हसत होत्या. तळघरात एवढा वेळ माणसांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“बरं,” शेवटी बाबा म्हणाले, “ठेवतो आता.”

त्यांनी फोन खिशात टाकला आणि मावशींना सांगितलं, “पुसू नका. लेख घेतला की ही ओळ परत घालायचीय तिला. शब्द आठवतील म्हणा तिला, पण असू दे. येईल तेव्हा तिलाच दाखवू.”

“मग असा उघडा नको राहायला,” मावशी म्हणाल्या. “येता-जाता कुणाचं कोपर लागेल. वाळलेली शाई ती, पापुद्रे पडतील.”

म्हणून त्या दोघांनी मला पुन्हा फिरवलं. खालची बाजू चांगली पुढे ओढून घेतली, म्हणजे शाई भिंतीला टेकायला नको. बाबांनी हात मागून घालून एकदा चाचपून बघितलं, नीट अंतर आहे ना. मग ते खोकं घेऊन गेले आणि दिवा गेला.

तर मित्रांनो, मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे तो असा. शिक्षा म्हणून नाही, जपून ठेवलाय म्हणून. तरी एकटं वाटतंच. जपून ठेवलेल्यालाही एकटं वाटतं, हे मी तुम्हाला नाही सांगणार तर कुणाला सांगणार? परिषदेचा निकाल अजून कानावर आलेला नाही. आला, की काकू येईल. तोवर त्या ओळीचा एक कानाही मी गळू देणार नाही.

जाता जाता माझ्या दोन आवश्यकता लिहून घ्या. पहिली: ‘फळा पुसणाऱ्याने पुसण्याआधी एकदा वाचले पाहिजे.’ दुसरी: ‘घरून सहज आलेला फोन समोरच्याला आधी ठेवू दिला पाहिजे.’ दोन्ही तपासता येतात. आज घरी गेल्यावर तपासून बघा.

आणि हो, तुम्ही एवढा वेळ बसून ऐकलंत. मध्येच उठला नाहीत, ‘नंतर’ म्हणाला नाहीत. माझं सगळं बोलून झालं.

बरं, ठेवतो आता.